चर्चेच्या वेळी बाहेर बसावे

दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाचे अनुभव लिहा' म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी हसलेच. माझं काम म्हणजे दुसरे बोलतात ते लिहिणं. एकतीस वर्षं परभणीतल्या एका सरकारी कचेरीत सभांची प्रोसिडिंगं लिहिली आणि रिटायर झाल्यावर सहा वर्षं एका नृत्यसंस्थेच्या विश्वस्त मंडळाची. कचेरीचं लिहिण्यासारखं लय आहे, पण माझी पेन्शन अजून चालू आहे. म्हणून नृत्यसंस्थेचं लिहिते.

प्रोसिडिंग म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. सभेत जे बोललं जातं ते त्यात येत नाही, जे ठरलं ते येतं. दोन सदस्य एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत असले तरी वहीत 'विषयावर सविस्तर चर्चा झाली' एवढंच लिहायचं. कुणी खुर्ची ढकलून तावातावानं निघून गेलं तर 'अमुक सदस्य अध्यक्षांच्या परवानगीने गेले.' सगळ्यांना भूक लागली की ठराव 'सर्वानुमते' मंजूर होतो. पुढच्या सभेत ते वाचून दाखवायचं, सह्या घ्यायच्या, की झालं ते कायम. मग कलेक्टर आला तरी त्यातला काना-मात्रा हलत नाही.

माझं प्रोसिडिंग आटोपशीर म्हणून नावाजलेलं होतं. 'चार पानांची बडबड सुमनबाई चार ओळींत बसवतात,' असं आमचे साहेब लोक सांगायचे आणि मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू. वडील पालमला शिक्षक होते. ज्या घरात आज्याला पाटी शिवू दिली नव्हती त्या घरात लिहिण्याला जो मान असतो, तो आमच्याकडं होता. त्यामुळं माझ्या वहीतला शब्द चुकीचा असू शकतो, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही.

आता संस्थेचं. बोरीची वैशाली म्हणून एक मुलगी. हैदराबादला गुरूंच्या घरी राहून आठ वर्षं कथक शिकून आली. आल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत अकरा मुली घेऊन क्लास सुरू केला. बघता बघता पेडगावाकडच्या मुलीही ऑटोत दाटीवाटीनं बसून यायला लागल्या. तेव्हा कुणीतरी तिला शहाणपण शिकवलं, की संस्था नोंदवा, मंडळावर शहरातली वजनदार माणसं घ्या, हॉल होईल. तिनं घेतली. हाडांचे डॉक्टर अध्यक्ष झाले. एक वकीलसाहेब, एक इंजिनिअर, खत-बियाण्याचे एक शेठ आणि एक रिटायर प्राचार्य. वैशाली सहावी. मी सदस्य नव्हते, नुसती लिहिणारी.

या पाच जणांचा नाचाशी संबंध किती, म्हणाल तर इंजिनिअरसाहेब स्वतःच्या मेहुण्याच्या वरातीत नाचले होते. बाकीच्यांचा तेवढाही नव्हता. पण माणसं वाईट नव्हती हो. वेळेवर येत, सूट घालून येत, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या धंद्यातलं भरपूर कळत होतं. डॉक्टर सिमेंटवर बोलत, इंजिनिअर तालावर बोलत, शेठ कायद्यावर. स्वतःच्या धंद्याचं विचारलं की मात्र 'त्यासाठी दवाखान्यात या', 'ऑफिसला या'. फुकट सल्ल्याची सवय लागली तर माणसं डोक्यावर बसतात, असं वकीलसाहेब म्हणायचे.

हॉल झाला. इंजिनिअरसाहेबांनी जीव ओतून बांधला. खाली काँक्रीट, वर आरशासारखी चकचकीत फरशी. उद्घाटनाला आलेला प्रत्येक माणूस खाली वाकून आपलं तोंड बघत होता. वैशालीनं चप्पल काढून त्यावर एकदा पाय आपटला आणि चप्पल परत घातली.

मी नंतर विचारलं, "काय गं, आवडला न्हाई का हॉल?"

"हॉल लय चांगला हाय ताई. पण फरशी नको होती." ती म्हणाली, "आमी पायानं मारतो. दिवसाला हजारो वेळा मारतो. मारलेलं जमिनीनं घेतलं पाहिजे. लाकूड असलं, त्याच्या खाली जरा पोकळी असली, की ते घेतं. ही फरशी घेत न्हाई. जेवढं मारलं तेवढं गुडघ्यात परत देती."

"मग सभेत सांग ना."

"सांगते की," ती म्हणाली. पुढच्याच सभेला तिनं विषय दिलाही, पण त्या सभेत त्याची पाळीच आली नाही. तिला घाई होती. हैदराबादच्या तिच्या गुरूंना आता कमी दिसायला लागलं होतं. त्यांनी निरोप पाठवला होता, की डोळे आहेत तोवर तुला एकटीला तासभर नाचताना बघायचंय, उन्हाळ्याच्या तोंडावर ये. आठ वर्षं ज्यांच्या घरचं खाल्लं त्यांचं एवढंच मागणं होतं. सरावाला तिच्याकडं दुसरी जागा नव्हती. ती त्याच फरशीवर रोज चार तास पाय मारायला लागली.

आणि नेमका त्याच सुमारास तो ठराव झाला.

झालं असं, की शेठनी मुलींचे पोशाख आपल्या साडूच्या दुकानातून घ्यायचं सुचवलं. वकीलसाहेब भडकले. 'इथं सेवा करायला आलाव का दुकान चालवायला?' शेठ म्हणाले, 'माझ्या साडूचं नाव काढायचं काम न्हाई!' अर्धा तास सविस्तर चर्चा झाली. शेवटी वकीलसाहेबांनी उभं राहून एक ठराव सांगितला. ज्या विषयात एखाद्या सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा वा नातलगाचा, आर्थिक फायदा गुंतलेला असेल, असं करत करत ते वाक्य एवढं लांबलं की मध्ये ते दोनदा पाणी प्याले. अशी वाक्यं बघितली की माझा हात शिवशिवायचा. मी वहीत लिहिलं: 'विषय ज्या सदस्याच्या व्यवसायाशी संबंधित असेल त्या सदस्याने चर्चेच्या वेळी बाहेर बसावे.' झालं एका ओळीत. पुढच्या सभेत वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. वकीलसाहेब तर म्हणाले, "क्या बात है मॅडम, माझंच वाक्य, पण कसं टुमदार दिसायलंय!"

फायद्याचा शब्द त्यात राहिलाच नव्हता. हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

पुढं जे झालं ते माझ्या एकतीस वर्षांत मी कुठं बघितलं नव्हतं. संस्थेच्या वार्षिक संमेलनात मुलींनी काय नाचायचं हा विषय निघाला. प्राचार्य नियमाचे पक्के. त्यांनी चष्मा लावून ठराव वाचला आणि म्हणाले, "वैशालीताई, नाच हा आपला व्यवसाय. आपण बाहेर बसावं." ती बिचारी उठून गेली. मग मंडळानं नाच ठरवले. वकीलसाहेबांच्या आग्रहावरून न्यायदेवतेचा नाच बसवायचं ठरलं, डोळ्यांवर पट्टी आणि हातात तराजू. वैशालीनं हात जोडून सांगितलं, पट्टी तरी नको. पण ठराव कायम झालेला. संमेलनात न्यायदेवतेनं तिसऱ्याच चक्कराला तबलजीच्या मांडीवर पाय दिला. तबलजी न्यायदेवतेला काय बोलला ते प्रोसिडिंगात नाही.

मग शेजाऱ्याची नोटीस आली, की घुंगरांच्या आवाजानं दुपारची झोप होत नाही. नोटीस म्हटल्यावर वकीलसाहेब बाहेर. उत्तराचा मसुदा डॉक्टरांनी केला: 'आपली नोटीस मिळाली. आठ दिवस वाट पाहावी. फरक न पडल्यास पुन्हा कळवावे.' अंगणातल्या झाडांना कीड लागली तेव्हा शेठ बाहेर आणि आत प्राचार्य झाडांना शिस्त लावण्यावर बोलत होते. म्हणजे ज्याला कळतं तो बाहेर बसून भजी खातोय, आणि ज्यांना कळत नाही ते आत बसून बहुमतानं ठरवायलेत. मला तेव्हा याचं हसू यायचं. घरी येऊन मी सुनेला रंगवून सांगायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

फरशीचा विषय निघाला की इंजिनिअरसाहेब आणि वैशाली दोघं बाहेर. साहेब आपल्या गाडीत एसी लावून पडत. वैशाली मागच्या खोलीत छोट्या मुलींचा क्लास घेई. आत चौघं. शेठ म्हणाले, लाकडाला वाळवी लागते. प्राचार्य म्हणाले, पूर्वी लोक दगडावर नाचायचे, लेण्यांत पुरावे आहेत. वकीलसाहेब म्हणाले, उपसमिती नेमा. उपसमितीत हेच तिघे. लाकडी जमीन कशी असते ते बघायला ते शेजारच्या जिल्ह्यात एका बॅडमिंटन हॉलला जाऊन आले. त्यांचा अहवाल माझ्याकडं आहे. दिव्यांची सोय उत्तम, पार्किंग अपुरे, उपाहारगृहातला उपमा गार होता. जमिनीबद्दल एक ओळ नाही. मी वहीत लिहिलं, 'अहवाल स्वीकारण्यात आला. विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.' असं मी तीन सभांत तीनदा लिहिलं.

या काळात वैशाली जिना उतरताना कठड्याला धरायला लागली होती. विचारलं की म्हणायची, "जरा दुखायलंय. होईल कमी." उन्हाळ्याला दोन महिने उरले तेव्हा ती डॉक्टरांच्या दवाखान्यात रीतसर नंबर लावून गेली. डॉक्टरांनी गुडघा तपासला, गोळ्या दिल्या आणि कागदावर लिहून दिलं, की कठीण फरशीवर नाचू नये, लाकडी जमीन वापरावी. त्यांच्यापुढं रोज शंभर गुडघे. हा गुडघा कुणाचा आणि फरशी कुणाची, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तो कागद घेऊन वैशाली सभेत उभी राहिली. "एवढं वाचून बघा, मग मी जाते बाहेर."

कागद अध्यक्षांच्या हातात गेला. डॉक्टरांनी तो जवळ धरला, लांब धरला, उलटा केला. "कुणी लिहिलंय हे? अक्षरच लागत न्हाई."

"तुमीच, साहेब," वैशाली म्हणाली.

वकीलसाहेबांनी लगेच बोट वर केलं. "म्हणजे हा विषय गुडघ्याचा झाला. डॉक्टरसाहेब, माफ करा, ठरावाप्रमाणं तुमी बी बाहेर." डॉक्टर उठले. इंजिनिअर आधीच उठले होते. वैशाली लंगडत त्यांच्या मागं गेली. प्राचार्य अध्यक्षांच्या खुर्चीत सरकले, घसा खाकरला आणि माणसं मोजली. आत तिघं. सभेला चार पाहिजेत.

"कोरम न्हाई," वकीलसाहेब म्हणाले. "सभा तहकूब करा."

"बाहेर किती जण आहेत बघा मॅडम, एखादा आत येतो का," प्राचार्य मला म्हणाले. मी वही घेऊन वऱ्हांड्यात गेले.

त्या दिवशी इंजिनिअरसाहेबांची गाडी त्यांच्या मिसेस घेऊन गेल्या होत्या, म्हणून ते वऱ्हांड्यातच होते. वैशालीला मागच्या खोलीपर्यंत चालवत नव्हतं, म्हणून तीही तिथंच. तिचा पाय प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून डॉक्टर गुडघा दाबून बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. इंजिनिअरसाहेब भज्यांच्या कागदावर पेन्सिलीनं काढत होते.

"खाली सागाच्या पट्ट्या आडव्या, मध्ये एवढी पोकळी, वर फळ्या," ते म्हणत होते. "अहो वैशालीताई, एवढंच व्हय? एवढा साधा मसला! मला आजपावतर का न्हाई सांगितलं?"

"सांगायला उभी राहिले की तुमी उठून जायचाव," वैशाली म्हणाली. "अन् मग मला काढायचे."

"कधीपासून नाचताय यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

"हॉल झाल्यापासून."

डॉक्टरांनी इंजिनिअरकडं बघितलं, इंजिनिअरनी डॉक्टरांकडं. मंडळात दोघं शेजारी शेजारी बसायचे. मी तिथं वही छातीशी धरून उभी होते आणि तेव्हा मला वकीलसाहेबांचं ते लांबलचक वाक्य शब्दाशब्दानं आठवलं. आर्थिक फायदा.

मी आत येऊन सगळं सांगितलं. "साहेब, तुमचा ठराव असा नव्हता. त्यात 'आर्थिक फायदा' हे शब्द होते. ते मी गाळले. चूक माझी आहे."

वकीलसाहेबांनी वही ओढून वाचली. "छे, छे! मी असंच म्हणालो होतो. बघा ना, किती मुद्देसूद आहे."

"शिवाय कायम झालेला आहे," प्राचार्य म्हणाले. "दुरुस्ती करायची तर सात दिवसांची नोटीस, पुढची सभा."

आता माझं टाळकंच सरकलं. एवढ्या वर्षांत मी सभेत तोंड उघडलं नव्हतं. "ठरावात 'बाहेर बसावे' असंच लिहिलंय ना?" मी म्हणाले. "मग चला, सगळेच बाहेर बसा! उठा!" आणि मी माझीच खुर्ची उचलून दाराबाहेर नेली. शेठ आधी उठले, भजी बाहेर होती म्हणून. मग दोघं आले. वऱ्हांड्यात सहाच्या सहा सदस्य झाले, कोरम भरला, आणि लाकडी जमिनीचा ठराव पाच मिनिटांत झाला. वाळवीचं औषध कोणतं ते शेठनी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांच्या दुकानात त्याचा ढीग होता, पण सभेत कुणी विचारलं नव्हतं. प्रोसिडिंगात मी सभेचं ठिकाण 'वऱ्हांडा' असं लिहिलं आणि त्यावर सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती हसत हसत सांगत फिरले असते. पण लाकूड यायला, वाळायला, बसवायला उन्हाळा उलटला. आणि दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या तपासणीत निघालं, की वैशालीच्या गुडघ्यातली गादी फाटलेली आहे. डॉक्टरांनी स्वतः ऑपरेशन केलं, मनापासून केलं. नंतर तिच्याजवळ बसून सांगितलं, चालशील, जिने चढशील, शिकवशीलही. पाय मारता येणार नाही.

हैदराबादला ती गेली नाही. फोनवर गुरूंना काय सांगितलं ते मी विचारलं नाही, मला धीरच झाला नाही.

नव्या जमिनीचं उद्घाटन थाटात झालं. पाचही जणांची भाषणं झाली. डॉक्टर लाकडाबद्दल बोलले, इंजिनिअर गुडघ्याबद्दल, वकील निसर्गाबद्दल. प्राचार्यांनी लेण्यांतले लोकही बहुधा लाकडावरच नाचत असावेत असं सांगितलं. वैशाली कडेला खुर्चीवर बसली होती. मुली नाचायला लागल्या आणि लाकडातून असा काही भरदार आवाज उठला, की शेठ बोलता बोलता थांबले.

कार्यक्रम आटोपल्यावर माणसं जेवायला गेली. वैशाली मुलींना थांबवून त्यांच्याकडून एक तुकडा परत करून घेत होती, हातानं मांडीवर ताल देत. मी तिच्याजवळ खुर्ची ओढली. त्या ठरावाचं मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. मंडळाला सांगितलं होतं, पण तेव्हा ती बाहेर होती. माझ्यानं राहवेना.

"वैशाली," मी म्हणाले, "तुला बाहेर काढायचे ना, ते वाक्य वकिलाचं नव्हतं. वकिलानं फक्त फायदा घेणाऱ्याला बाहेर बसवायला सांगितलं होतं. ते लांब वाटलं म्हणून 'आर्थिक फायदा' एवढं मी काढून टाकलं. माझ्यामुळं झालं हे."

तिचा हात मांडीवर थांबला. मला वाटलं, रडेल, न्हाईतर मला दोन शब्द बोलेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"किती शब्द कमी केले, ताई?" तिनं विचारलं.

"दोन."

"दोन." ती समोरच्या मुलींच्या पायांकडं बघत होती. "ते दोन लिवले असते तर तुमची शाई संपायली होती का?"

आवाज चढलेला नव्हता. कुणी साधी चौकशी करावी तसं तिनं ते विचारलं. मग ती मुलींकडं वळली, टाळी दिली आणि म्हणाली, "चला गं, पहिल्यापासून."